घोडं जागचं हलंना!

जगभर नावाजलेला सिनेमा. अडीच तासांचा. त्यात वारा सुटलाय, घोडं गाडीला हलत नाही आणि बापलेक उकडलेले बटाटे खातात. बास. असा सिनेमा आपल्याला कळला नाही, तर ढ कोण? सिनेमा की आपण?

मी झोपलो होतो. खोटं कशाला बोलू?

पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायला गेलो होतो, तेव्हाची गोष्ट. शेजारच्या रूममधला एक सीनिअर दर शनिवारी रात्री भिंतीवर सिनेमा लावायचा. कुणाकडून तरी मागून आणलेला प्रोजेक्टर, पडद्याऐवजी पांढरी चादर, सात-आठ पोरं आणि थर्मासभर चहा. मी लोह्याचा. आमच्याकडं सिनेमाला जायचं म्हणजे नांदेड गाठायचं, इंटरव्हलला समोसा खायचा आणि परतीची गाडी चुकू नये म्हणून शेवट जरा बाकी असतानाच उठायचं. 'सैराट' मी तीनदा पाहिलेला, तिन्ही वेळा रडलेलो. त्यामुळं सिनेमा आपल्याला कळतो, अशी माझी पक्की समजूत होती.

त्या शनिवारी सीनिअरनं 'द ट्युरिन हॉर्स' लावला. हंगेरीच्या बेला तार या दिग्दर्शकाचा २०११ चा सिनेमा. ब्लॅक अँड व्हाइट. बर्लिनच्या महोत्सवात त्याला ज्युरींचा मोठा पुरस्कार मिळालाय, असं आधीच सांगितलेलं. म्हणून मी ताठ बसलो. सुरुवातीला एक म्हातारा घोडागाडी हाकत येतो. येतो, येतो आणि येतच राहतो. मग घर. घरात तो आणि त्याची मुलगी. म्हाताऱ्याचा एक हात निकामी, म्हणून मुलगी त्याला कपडे घालते. विहिरीवरून पाणी आणते. बटाटे उकडते. एक त्याला, एक तिला. गरम बटाटा हातानंच सोलायचा, मीठ लावायचं, खायचा. बाहेर वारा. दुसऱ्या दिवशी पुन्हा कपडे, पुन्हा पाणी, पुन्हा बटाटा.

माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा बघतो तर बटाटाच चालू होता.

सिनेमा संपला आणि चर्चा सुरू झाली. 'मिनिमलिझम', 'निहिलिझम', 'सिनेमातला काळ', 'नित्शे'. मी चहाच्या कपात बघत बसलो. तेवढ्यात प्रश्न आलाच, "काय रे नांदेड, तुला काय वाटलं?"

"भारी होता."

"काय भारी होतं?"

"फोटोग्राफी," मी म्हणालो. सगळ्यांनी माना डोलावल्या. सुटलो.

पण सुटलो कुठं? पुढचे तीन-चार महिने शनिवार रात्र आली की मी काहीतरी काम काढून बाहेर जायला लागलो. लहान गावातून मोठ्या शहरात आलेल्या प्रत्येकाकडं एक यादी असते. इंग्रजी येत नाही, बोलताना 'न' आणि 'ण' चा घोळ होतो, कॉफीच्या दुकानात काय मागायचं ते कळत नाही. त्या यादीत मी गुपचूप आणखी एक ओळ लिहिली. चांगला सिनेमा आपल्याला कळत नाही. ते आपल्यासाठी नाहीच.

स्किप केलं, तेच तर होतं!

हट्टानं मग एकट्यानं मोबाइलवर बघायला लागलो. म्हटलं, परदेशी नको, आधी मराठी बघू. चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' लावला. २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात 'ओरिझोन्ती' विभागातला सर्वोत्तम चित्रपट, मग राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट चित्रपट, नंतर भारतातर्फे ऑस्करलाही हाच गेला. नारायण कांबळे नावाचा एक वयस्कर लोकशाहीर. नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी ती भूमिका केली. त्याच्या गाण्यामुळं एका गटार साफ करणाऱ्या कामगारानं आत्महत्या केली, असा त्याच्यावर आरोप. केस उभी राहते आणि तारखा पडत राहतात.

मी काय केलं? दहा-दहा सेकंद पुढं ढकलत गेलो. वकील कलमं वाचतायत? पुढं. सरकारी वकील बाई लोकलमधून घरी चालल्यात? पुढं. तासाभरात सिनेमा 'संपवला'. स्टोरी कळली. आवडला नाही.

काही आठवड्यांनी गावाकडं आलो, तर चुलत्याच्या बांधाच्या केसची तारीख होती. म्हणाले, चल सोबत. सकाळी दहाला जाऊन बाकावर बसलो. पंखा घरघरत होता. कुणीतरी काहीतरी भराभर वाचत होतं, मागं एक म्हातारा भिंतीला टेकून झोपला होता. दुपारी साडेतीनला आमचं नाव पुकारलं. दोन मिनिटांत पुढची तारीख मिळाली. चुलत्यानं ती तारीख पाकिटातल्या चिठ्ठीवर लिहिली. त्या चिठ्ठीवर आधीच्या तारखांची रांग लागली होती.

परत येताना गाडीत एकदम लक्षात आलं. हे तर मी बघितलंय. नाही, बघितलं नाही. हे मी स्किप केलंय.

त्या रात्री 'कोर्ट' पुन्हा लावला, एकदाही पुढं न ढकलता. कॅमेरा मागच्या बाकावर बसलेल्या माणसासारखा एकाच जागी बसून असतो. कुणाच्या तोंडापाशी जात नाही, कुणाची बाजू घेत नाही. आपल्यालाही त्या बाकावर बसवून ठेवतो. सरकारी वकील बाई कोर्टात एका माणसाला आत ठेवा म्हणून भांडतात, तिथून निघून पाळणाघरातून लेकराला घेतात आणि घरी जाऊन स्वयंपाकाला लागतात. त्यांना राक्षस म्हणावं तर म्हणता येत नाही. शेवटी कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागते. कोर्टरूममधले दिवे एकेक करून बंद होतात. अंधार. मला वाटलं, संपला. संपत नाही. पुढं न्यायाधीश रिसॉर्टवर सहलीला गेलेले दिसतात. बाकावर डुलकी काढतायत. पोरं येऊन ओरडतात, ते दचकून उठतात, एकाच्या थोबाडीत देतात आणि पुन्हा डोळे मिटतात.

याचा अर्थ काय? सिनेमा सांगत नाही. पहिल्या वेळी मी लगेच मोबाइलवर 'एंडिंग'चा अर्थ सांगणारा व्हिडिओ शोधला असता. या वेळी शोधला नाही, कारण मला नुसता राग आला होता. ज्याच्या एका शब्दावर कुणीतरी आत राहतं, तो माणूस दुपारी झोपलाय. मला एवढं पुरलं.

आता जरा विचार करा. आपण ज्या सिनेमांवर वाढलो, त्यात सगळं हाताला धरून दाखवलेलं असतं. रडायचं कधी ते संगीत सांगतं, बघायचं कुठं ते क्लोजअप सांगतो, वाईट कोण ते पहिल्या सीनमध्येच कळतं. यात वाईट काही नाही, मला आजही ते आवडतं. पण माळेगावच्या यात्रेत बापाच्या खांद्यावर बसून फिरलेलं पोर पहिल्यांदा खाली उतरवलं की कसं बावरतं? समोर नुसते पायच पाय दिसतात. या सिनेमांत आपलं तेच होतं. खांद्यावरून उतरवलेलं असतं, आणि आपल्याला वाटतं, आपण हरवलो.

बाबांना दाखवला

उन्हाळ्यात घरी होतो. रात्री अंगणात बाजेवर लॅपटॉप घेऊन मी 'ट्युरिन हॉर्स' पुन्हा लावला. अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा करावा तसा. बाबा शेजारी येऊन टेकले.

"काय बघायलास रे? रंग बी नाही याला."

म्हटलं, परदेशातला आहे. सबटायटल्स मी वाचून सांगतो. पण सांगायला फार काही नव्हतंच. त्यात बोलतात कुठं कुणी?

घोडं गाडीला जुंपलं आणि जागचं हलंना. म्हातारा लगाम ओढतो, मारतो. बाबा म्हणाले, "मारून चालत नसतंय ते. बघ, पाय रोवलेत." पुढं ते घोडं चाराही सोडतं. "आता ते ऱ्हात नसतंय. जनावराला आधी कळतंय."

बाबांनी जनावरं सांभाळली आहेत. दुष्काळात बैलजोडी विकली, तेव्हा दोन दिवस ते कुणाशी बोलले नव्हते. लोह्याच्या माणसाला घोडंही नवं नाही. मार्गशीर्षात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते तेव्हा घोड्यांचा बाजार बघायला लांबलांबून लोक येतात.

मग सिनेमात एके सकाळी मुलगी बादली घेऊन विहिरीवर जाते आणि विहीर आटलेली असते. बाबा बाजेवर उठून बसले. काहीच बोलले नाहीत. मीही बोललो नाही.

त्यानंतर एक लांबच लांब सीन आहे. बापलेक सामान हातगाडीवर लादतात. मुलगी गाडी ओढते, घोडं मागं बांधलेलं. टेकडीवरच्या एका झाडापाशी जाऊन ती पलीकडं दिसेनाशी होतात. कॅमेरा इकडंच थांबलेला. काही वेळानं ती त्याच वाटेनं परत येतात. सामान उतरवून पुन्हा घरात. का आली? पलीकडं काय दिसलं? सिनेमा एक शब्द सांगत नाही. पुण्यात पोरं याच सीनवर तासभर भांडली होती.

बाबा म्हणाले, "पलीकडं बी तसंच असल."

मग थोड्या वेळानं, "त्या साली आपण लातूरला तुझ्या मामाकडं जायचं म्हणलो होतो, ध्यानात हाय? तिकडं तर रेल्वेनं पाणी आलं."

ध्यानात होतं. एप्रिल २०१६. मिरजेहून 'जलदूत' रेल्वे लातूरला पाणी घेऊन यायला लागली, त्याचे फोटो देशभर छापून आले. आम्ही लोह्यातून ज्या गावाला जायचा विचार करत होतो, तेच गाव रुळाकडं डोळे लावून बसलं होतं. आम्ही गेलो नाही. म्हणजे टेकडीपर्यंत जाऊन परत आलो, असंच म्हणायचं.

सिनेमा संपायला अर्धा तास असताना बाबाही झोपले. मला जरा बरंच वाटलं. आणि लाज वाटायचं कारणही नाही. इराणचे थोर दिग्दर्शक अब्बास किआरोस्तामी तर म्हणायचे की काही सिनेमे थिएटरात डुलकी आणतात, पण तेच नंतर रात्री जागवतात आणि असे सिनेमे त्यांना आवडतात.

मग बरोबर कोण?

आता कुणी म्हणेल, चला, म्हणजे पुस्तकी पोरं खोटी आणि बाबा खरे. तसं नाही. 'ट्युरिन हॉर्स'च्या सुरुवातीलाच एक किस्सा सांगितला जातो. १८८९ साली इटलीतल्या ट्युरिन शहरात जर्मन तत्त्वज्ञ नित्शेनं एका घोड्याला चाबकाचा मार खाताना पाहिलं आणि धावत जाऊन त्याच्या गळ्याला मिठी मारली. त्यानंतर नित्शेचं मन कायमचं बिघडलं. नित्शेचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. घोड्याचं काय झालं? तिथून सिनेमा सुरू होतो.

बाबांना नित्शे माहीत नाही. मलाही नव्हता. नंतर वाचलं तेव्हा आणखी काही दिसलं. सिनेमात सहा दिवस आहेत. देवानं सहा दिवसांत जग घडवलं, या बायबलच्या कथेची ही उलटी बाजू आहे, असं अनेक समीक्षक म्हणतात. इथं एकेक दिवस एकेक गोष्ट बंद पडत जाते. घोडं, पाणी, शेवटी दिवासुद्धा. आणि अडीच तासांच्या सिनेमात शॉट किती? जेमतेम ३०. आपल्या एका गाण्यात त्याहून जास्त असतात.

म्हणजे पोरांना नित्शे माहीत होता, बाबांना आटलेली विहीर माहीत होती. दोघं एका चादरीसमोर बसले असते तर दोघांनाही सिनेमा जास्त दिसला असता. माझी चूक एवढीच झाली, की एकाच दारानं आत जाता येतं असं मी समजलो, आणि त्या दाराची किल्ली आपल्याकडं नाही म्हणून परत फिरलो.

आपल्याच तालुक्यातलं उदाहरण घ्या. आदिनाथ कोठारेचा 'पाणी' नागदरवाडीच्या हनुमंत केंद्रे यांच्या कामावर आहे. नागदरवाडी लोहा तालुक्यातलीच. पर्यावरणावरचा सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि २०२४ मध्ये तो थिएटरात लागला. त्यात गाव पाणी कसं आणतं ते कळतं, बघून उमेद येते. 'ट्युरिन हॉर्स'मध्ये पाणी जातं, आणि ते जाताना बघत बसावं लागतं. दुष्काळात आपण दोन्ही केलंय. काम पण आणि नुसतं बघत बसणं पण. मग दोन्हीचे सिनेमे आपलेच की.

हेग्गोडूत काय झालं?

खेड्यातल्या माणसाला असे सिनेमे झेपत नाहीत, असं म्हणणाऱ्यांना एका गावाचं नाव सांगा. हेग्गोडू. कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातलं छोटं खेडं, सुपारीच्या बागांचं. तिथं के. व्ही. सुब्बण्णा यांच्या 'निनासम' या नाट्यसंस्थेनं १९७० च्या दशकात गावातच फिल्म सोसायटी काढली. शेतकरी, मजूर, बायाबापड्यांना 'पथेर पांचाली', 'बायसिकल थीव्ज', 'राशोमोन' असे सिनेमे दाखवले. आधी थोडी माहिती, मग सिनेमा, मग गप्पा. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये सिनेमाचा रसास्वाद शिकवणारे सतीश बहादूर तिथं मुद्दाम जायचे. सुब्बण्णांना पुढं १९९१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

हेग्गोडूच्या लोकांना बुद्धी जास्त होती का? मुळीच नाही. त्यांना तीन गोष्टी मिळाल्या. सिनेमा मिळाला, सोबत मिळाली आणि 'मला असं वाटलं' म्हणायची मोकळीक मिळाली. माझ्याकडं त्या शनिवारी पहिल्या दोन होत्या. तिसरी मीच घेतली नाही.

आपल्याकडंही अगदीच कोरडं नाही. मुंबईत 'प्रभात चित्र मंडळ' १९६८ पासून आहे. छत्रपती संभाजीनगरला अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. लातुरात 'अभिजात फिल्म सोसायटी' आहे, आणि लोह्याहून लातूर काही लांब नाही. पण खरं सांगू? चार दोस्त, एक लॅपटॉप आणि एक चादर एवढ्यावरही फिल्म सोसायटी होते.

नव्यानं बघणार असाल तर...

माझ्यासारखी सुरुवात 'ट्युरिन हॉर्स'नं करू नका. पोहायला शिकायचं म्हणून कुणी थेट लिंबोटी धरणात उडी मारत नाही. आधी किआरोस्तामींचा 'व्हेअर इज द फ्रेंड्स होम?' बघा. १९८७ चा. मित्राची वही चुकून आपल्या दप्तरात आली, ती द्यायला एक पोरगं शेजारच्या गावात त्याचं घर शोधत पळतं, एवढीच गोष्ट. पण जीव टांगणीला लागतो.

मग नागराज मंजुळेचा 'फँड्री' पुन्हा बघा. डुकराच्या मागं पळताना शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं आणि सगळे जागच्या जागी उभे राहतात, तो सीन या वेळी नीट बघा. तिथंही कुणी काही बोलत नाही. मग अविनाश अरुणचा 'किल्ला', उमेश कुलकर्णीचा 'विहीर'. मग 'कोर्ट' आणि ताम्हाणेचाच 'द डिसायपल'. एवढं झालं की मणी कौलचा 'उसकी रोटी'. नवरा बस ड्रायव्हर, त्याची भाकरी घेऊन बायको रस्त्यावर बसची वाट बघते. एसटीच्या फाट्यावर तासन्‌तास थांबलेल्या माणसाला तो सिनेमा वाटतो तेवढा परका नाही.

स्किपचं बटण विसरा. मोबाइलवर बघत असाल तर नोटिफिकेशन बंद करा. कंटाळा आला तर पळू नका, कशाचा आला ते बघा. 'कोर्ट'मध्ये कंटाळाच तर दाखवायचाय.

परीक्षण आधी वाचू नका, नंतर जरूर वाचा. बघून झालं की 'अर्थ काय' हा प्रश्न बाजूला ठेवा आणि डोळ्यासमोर राहिलेल्या तीन गोष्टी वहीत लिहा. नुसत्या दिसलेल्या. बटाटा. वारा. टेकडीवरचं झाड. अर्थ पाठीमागून येतो. कधी आठवड्यानं, कधी येतही नाही.

आणि पूर्ण बघूनही नाही आवडला, तर तसं म्हणा. जगानं डोक्यावर घेतलेला असला तरी म्हणा. फक्त आपण गावाकडचे म्हणून कळला नाही, एवढं मात्र म्हणू नका.

पुण्याला परत गेल्यावर पहिल्याच शनिवारी मी सीनिअरच्या रूमवर गेलो. म्हटलं, "त्या घोड्याच्या सिनेमात मी झोपलो होतो." तो हसला आणि म्हणाला, "मी पण पहिल्यांदा झोपलो होतो." मग मी त्याला बाबांचं टेकडीवरचं बोलणं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. म्हणाला, "हे आमच्यातल्या कुणाला सुचलं नव्हतं."

पण मला आठवत राहते ती गावाकडची सकाळ. सिनेमा बघितल्याच्या दुसऱ्या दिवशीची. बाबा चहा पीत होते. एकदम म्हणाले, "त्या पोरीनं शेवटी खाल्लं का रे काही?"

"नाही बाबा. चूलच पेटंना. कच्चा बटाटा पुढ्यात घेऊन बसली नुसती."

"आन म्हातारा?"

"म्हणला, खावं तर लागंल."

बाबांनी कप खाली ठेवला. "बरोबर म्हणला," ते म्हणाले, आणि लाईट आली होती म्हणून मोटार चालू करायला शेताकडं निघाले.